पाण्यावरचे पोलीस आणि काठावरची माणसे



रात्रीची भांडी घासून झाली की घरातली माणसे टीव्हीसमोर बसतात. त्यात पोलिसांची मालिका लागली तर पोरेही झोपायचे नाव घेत नाहीत. चोर कोण, खुनी कोण, याचा अंदाज आजीपासून नातवापर्यंत सगळे बांधतात. आता तर मोबाईलवर परदेशी मालिकाही घरोघरी पाहिल्या जातात. अशाच एका ऑस्ट्रेलियन मालिकेविषयी आज आम्ही लिहिणार आहोत. करमणूक म्हणून ती चांगलीच आहे. पण करमणुकीच्या पलीकडे जाऊन आपण काय पाहावे, हे सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

मालिकेचे नाव ‘वॉटर रॅट्स’, म्हणजे पाण्यातले उंदीर. नाव थट्टेचे असले तरी काम थट्टेचे नाही. ऑस्ट्रेलियातील न्यू साऊथ वेल्स राज्याची राजधानी सिडनी. या शहराच्या पोटात समुद्र शिरला आहे आणि त्याचे सुमारे ५५ चौरस किलोमीटरचे विस्तीर्ण बंदर झाले आहे. या बंदरात गस्त घालणाऱ्या जलपोलिसांची ही कथा. ‘नाईन नेटवर्क’ या वाहिनीवर १२ फेब्रुवारी १९९६ रोजी तिचा पहिला भाग दाखवला गेला आणि ७ ऑगस्ट २००१ रोजी ती संपली. एकूण १७७ भाग झाले. सहा वर्षे एखादी मालिका चालते म्हणजे लोकांनी तिला घरात जागा दिली असे समजावे.

यात दोन मुख्य पात्रे आहेत. फ्रँक हॉलोवे हा थोडा रांगडा, वरिष्ठांशी खटके उडवणारा, पण कामाला वाघ असलेला गुप्तहेर. ही भूमिका कॉलिन फ्रील्स यांनी केली. त्याच्या जोडीला रेचेल गोल्डस्टीन, म्हणजे अभिनेत्री कॅथरिन मॅक्लेमेंट्स. रेचेल एकटीने मुलाचे पाहते आणि नोकरीही करते. बाहेर बंदरात कुणाचे तरी प्रेत तरंगत असते आणि घरी मुलगा वाट पाहत असतो. ही ओढाताण आपल्या नोकरदार भगिनींना समजावून सांगायला नको. १९९९ च्या सुमारास हे दोघेही मालिकेतून बाहेर पडले. नंतर स्टीव्ह बिस्ली, डी स्मार्ट आदी कलावंतांनी गाडा पुढे ओढला.

मालिकेत बोटींचे पाठलाग आहेत, चोरटा माल आहे, श्रीमंतांच्या नौका आहेत. मागे सिडनीचा तो प्रसिद्ध कमानीचा पूल दिसतो, जो १९३२ मध्ये खुला झाला. शिडांसारख्या छपरांचे ऑपेरा हाऊस दिसते, ज्याचे उद्घाटन १९७३ मध्ये झाले. पाणी निळे, ऊन लख्ख, पोलीस तडफदार. पाहणाऱ्याला वाटावे, अशी नोकरी आपल्या पोराला मिळाली तर काय बहार होईल!

परंतु वाचकहो, आम्ही कचेरीत दिवसभर फायलींत मान घालून बसणारी माणसे. कोणताही कागद हाती आला की त्याची मागची बाजूही पाहायची, ही आमची सवय. या मालिकेचीही मागची बाजू पाहू.

मालिकेतील जलपोलिसांचे मुख्यालय एका बेटावर दाखवले आहे. हे बेट खरेच आहे. त्याचे इंग्रजी नाव गोट आयलंड, म्हणजे बकऱ्यांचे बेट. इथले मूळनिवासी मात्र त्याला ‘मेमेल’ म्हणत आले आहेत. मेमेल म्हणजे डोळा. बंदराच्या मधोमध बसून सगळीकडे पाहणारा डोळा! इंग्रजांच्या ११ जहाजांचा ताफा कैद्यांना घेऊन जानेवारी १७८८ मध्ये इथे पोहोचला, तेव्हा या किनाऱ्यावर माणसे राहत होती, मासे मारत होती, होड्या वल्हवत होती. त्यांच्यापैकी बेनेलाँग नावाच्या माणसाने इंग्रजांना सांगितले होते की हे बेट आमच्या वडिलांचे आहे. त्याचे हे म्हणणे इंग्रज अधिकाऱ्यानेच लिहून ठेवले आहे. म्हणजे मालकाचे नाव कागदावर आले, जमीन मात्र मालकाच्या हाती राहिली नाही. आज ऑपेरा हाऊस ज्या टोकावर उभे आहे त्या जागेला बेनेलाँगचे नाव आहे. नाव द्यायला खर्च येत नाही!

त्या बेनेलाँगला गव्हर्नर फिलिप यांच्या हुकमावरून नोव्हेंबर १७८९ मध्ये पकडून नेण्यात आले होते. त्याच वर्षी देवीच्या साथीने सिडनी परिसरातील मूळनिवासी मोठ्या संख्येने मृत्युमुखी पडले. आणि त्याच १७८९ साली बंदरावर पहारा देण्यासाठी ‘रो बोट गार्ड’ म्हणजे वल्ह्यांच्या होड्यांचे पहारेकरी नेमले गेले. आजचे जलपोलीस आपला वंश तिथपासून सांगतात.

गंमत अशी की त्या वसाहतीचे पहिले पोलीस कैद्यांमधूनच निवडले होते. अन्नाची चोरी वाढली म्हणून १७८९ मध्ये चांगल्या वर्तणुकीच्या १२ कैद्यांची रात्रपाळीची गस्त सुरू झाली. म्हणजे ज्याला काल बेड्या होत्या त्याच्या हातात आज दंडुका आला. पुढे १८३० च्या दशकात मेमेल बेटावर कैद्यांच्या घामातून दारूगोळ्याचे दगडी कोठार उभे राहिले. अँडरसन नावाच्या एका कैद्याला त्या बेटावर खडकाला साखळदंडाने जखडून ठेवल्याची हकिकत सांगितली जाते. आणि १८३८ मध्ये त्याच बेटाच्या टोकावर जलपोलिसांचे ठाणे बांधले गेले. मालिकेने आपले मुख्यालय त्या बेटावर दाखवले ते असे. इतिहासाच्या दृष्टीने जागा अगदी बरोबर निवडली आहे. फक्त त्या जागेचा इतिहास पडद्यावरच्या निळ्या पाण्यात विरघळून जातो.

आता आमच्या भगिनींसाठी एक गोष्ट. मालिकेत रेचेल पिस्तूल घेऊन बोटीवरून उडी मारते. सार्जंट हेलन ब्लेकमोर ही दुसरी महिला अधिकारी पुरुषांना कामाला लावते. हे पाहून बरे वाटते. पण हा अधिकार काही आकाशातून पडला नाही. न्यू साऊथ वेल्सच्या पोलिसांत पहिल्या दोन महिला १९१५ मध्ये घेतल्या गेल्या. लिलियन आर्मफिल्ड आणि मॉड ऱ्होड्स ही त्यांची नावे. आर्मफिल्डबाई त्यापूर्वी मनोरुग्णालयात परिचारिका होत्या. नोकरीवर घेताना त्यांच्याकडून सही घेतली गेली की कामावर काही इजा झाली तर खात्याची जबाबदारी राहणार नाही. गणवेश नाही, जादा कामाचा पैसा नाही. गुन्हेगारांच्या गल्ल्यांत मात्र जायचे! या बाईंनी ३४ वर्षे नोकरी केली, १९४७ मध्ये त्यांना राजाच्या नावाचे पोलीस पदक मिळाले आणि १९४९ मध्ये त्या निवृत्त झाल्या तेव्हा त्यांना निवृत्तिवेतन मिळाले नाही. नोकरीला लागताना वय जास्त होते, हे कारण. पदक छातीवर आणि हात रिकामे. रेचेलच्या हातातील पिस्तूल पाहताना आर्मफिल्डबाईंची ती सहीही आठवावी.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. ‘वॉटर रॅट्स’चा पहिला भाग फेब्रुवारी १९९६ मध्ये लोकांनी पाहिला, तेव्हा त्याच राज्यातील खऱ्या पोलिसांचे काय चालले होते? न्यायमूर्ती जेम्स वुड यांचा चौकशी आयोग १९९४ पासून त्या पोलीस दलाची झाडाझडती घेत होता. लाच घेणे, खोटे पुरावे तयार करणे, अमली पदार्थांच्या व्यापाऱ्यांशी संगनमत असे प्रकार एकेक करून बाहेर येत होते. एका लाचखोर अधिकाऱ्याने आयोगाला मदत करण्याचे कबूल केले. त्याच्या मोटारीत छुपा कॅमेरा बसवला गेला आणि साहेब लोक पैसे घेतानाची चित्रे लोकांनी बातम्यांत पाहिली. १९९७ मध्ये आयोगाने अंतिम अहवाल दिला. भ्रष्टाचार एखाद-दुसऱ्या माणसापुरता नसून खोलवर रुजलेला आहे, असा त्याचा निष्कर्ष होता. १९९६ मध्येच इंग्लंडहून पीटर रायन यांना पोलीस आयुक्त म्हणून आणावे लागले आणि पोलिसांवर नजर ठेवण्यासाठी वेगळी संस्था स्थापन करणारा कायदा झाला.

विचार करा. त्याच शहरात, त्याच वर्षी, त्याच टीव्हीवर बातम्यांत एक पोलीस नोटा मोजतो आहे आणि मालिकेत दुसरा पोलीस जीव धोक्यात घालून माणूस वाचवतो आहे. यातला खरा कोणता? आम्ही म्हणतो, दोन्ही असू शकतात. प्रामाणिक शिपाई आणि हवालदार आम्हीही पाहिले आहेत. रात्रंदिवस ड्युटी करून, पोराबाळांचे तोंडही न पाहणारे. त्यांचा अपमान करण्याचा आमचा हेतू नाही. पण मालिका आपल्याला कायम पोलिसांच्या बोटीत बसवते. ज्याला पकडायचे तो समोर, लांब, पाण्यात. त्याचे नाव, त्याचे घर, त्याची आई आपल्याला दिसत नाही. तासाभरात तो पकडला जातो आणि आपण सुटकेचा निःश्वास टाकतो. पकडल्यानंतर कोठडीचे दार लागते, आणि तिथेच मालिकेचा भाग संपतो. खऱ्या आयुष्यात माणसाची गोष्ट तिथे सुरू होते.

ऑस्ट्रेलियात ती गोष्ट कुणाची असते? तिथल्या आदिवासींचे आणि टोरेस सामुद्रधुनीतील बेटवासीयांचे लोकसंख्येतील प्रमाण सुमारे ४ टक्के. तुरुंगातील त्यांचे प्रमाण मात्र सुमारे एक तृतीयांश. कोठडीत आणि तुरुंगात आपली माणसे का मरतात, असा टाहो मृतांच्या नातेवाइकांनी फोडला तेव्हा १९८७ मध्ये केंद्र सरकारला शाही आयोग नेमावा लागला. त्या आयोगाने ९९ मृत्यूंची चौकशी केली. प्रत्येकाच्या आयुष्याचा कागद उघडला. तेव्हा दिसले की ९९ पैकी ४३ जणांची लहानपणीच आपल्या कुटुंबापासून ताटातूट झालेली होती. आईच्या कुशीतून काढलेली पोरे कोठडीत जाऊन मेली! माणसे कोठडीत मरतात याचे मोठे कारण म्हणजे त्यांना मुळात फार मोठ्या प्रमाणावर कोठडीत टाकले जाते, असे आयोगाने १९९१ मध्ये सांगितले आणि ३३९ शिफारशी केल्या.

शिफारस या शब्दाशी आमची रोजची ओळख आहे. शिफारस टेबलावर येते, तिच्यावर पेपरवेट ठेवला जातो, मग ती कपाटात जाते. आयोगाची एक शिफारस होती की सार्वजनिक ठिकाणी दारूच्या नशेत असणे एवढ्यासाठी कुणाला गुन्हेगार ठरवू नये, कारण या क्षुल्लक कारणावरून आदिवासी माणूस कोठडीत जातो. न्यू साऊथ वेल्सने तो गुन्हा आयोगाच्या आधीच, १९७९ मध्ये रद्द केला होता. शेजारच्या व्हिक्टोरिया राज्याने तो रद्द केला ७ नोव्हेंबर २०२३ रोजी. म्हणजे शिफारशीनंतर ३२ वर्षांनी! मधल्या काळात एक अख्खी पिढी मोठी झाली. आयोगाच्या अहवालानंतर आजवर कोठडीत आणि तुरुंगात ५०० हून अधिक आदिवासींचा मृत्यू झाला आहे.

पण अंमलात आलेली एक शिफारस काय करू शकते, तेही सांगतो. न्यू साऊथ वेल्समध्ये २००० सालापासून कायद्याने एक नियम आहे. आदिवासी माणसाला अटक करून ठाण्यात आणले की पोलिसांनी आदिवासींच्या कायदेविषयक मदत संस्थेला फोन करायचा. रात्रीचे दोन वाजलेले असोत की पहाटेचे चार, पलीकडे वकील फोन उचलतो. अटकेतील माणसाशी बोलतो. तब्येत बरी आहे का, औषध चालू आहे का, जिवाचे काही बरेवाईट करण्याचा विचार मनात येतो का, घरी कुणाला कळवायचे, हे विचारतो. एवढेच. बंदूक नाही, बोट नाही, पाठलाग नाही. पण या एका फोनमुळे त्या राज्यातील ठाण्यांच्या कोठड्यांतील आदिवासींचे मृत्यू जवळजवळ थांबले.

मग २०१६ मध्ये मेटलंड गावच्या ठाण्यात एका आदिवासी महिलेचा मृत्यू झाला. फोन गेला नव्हता. का? तिला गुन्ह्यासाठी अटक केली नव्हती, नशेत आहे म्हणून तिच्याच सुरक्षेसाठी कोठडीत ठेवले होते. नियमात ‘अटक’ लिहिलेले, मग फोन कशाला? एका शब्दाच्या फटीतून एक जीव निसटला. पुढे मृत्यूची चौकशी झाली आणि अशा रीतीने ताब्यात घेतलेल्यांनाही नियम लागू करण्यात आला. कायद्याचा मसुदा वाचताना एकेक शब्दासाठी का भांडावे लागते, हे ज्यांना कळत नाही त्यांना हे उदाहरण जरूर सांगावे.

आता सांगा, १७७ भागांच्या मालिकेत पाठलाग किती, आणि असा फोन किती? टीव्हीवाल्यांना पाठलाग हवा, कारण फोन उचलून चार प्रश्न विचारणारी माणसे पाहण्यात थरार नाही. त्यांना आम्ही फार दोष देत नाही. त्यांचा तो धंदा आहे. पण आपल्या मुलांच्या मनात ‘पोलीस म्हणजे धावणे आणि गोळी झाडणे’ एवढेच चित्र बसू नये, ही जबाबदारी टीव्हीची नाही, घराची आहे.

मालिकेच्या बाजूनेही एक गोष्ट नोंदवली पाहिजे. तिने पडद्यावर गोऱ्यांखेरीज इतरांनाही गणवेश दिला. सामोअन वंशाचे कलावंत जे लागाआया यांनी टॉमी टाविटा हा पोलीस रंगवला. शेवटच्या वर्षांत आदिवासी समाजातील कलावंत ॲरन पेडरसन गुप्तहेर मायकेल रायलीच्या भूमिकेत आले. ज्या माणसांना बातम्यांत फक्त बेड्यांसह दाखवले जाते, त्यांच्यातील एक जण चौकशी करणाऱ्या खुर्चीत बसलेला दिसला. घरात बसून पाहणाऱ्या आदिवासी पोराच्या डोळ्यांत त्या वेळी काय चमकले असेल, ते आम्ही समजू शकतो. तरीही वाट सोपी नव्हती. याच लागाआयांनी २०१२ मध्ये एका दुसऱ्या मालिकेतून वगळल्यावर जाहीरपणे बोलून दाखवले की ऑस्ट्रेलियाच्या टीव्हीवर गोऱ्या नसलेल्या कलावंतांना जागाच कमी आहे.

पेडरसन मात्र पुढे गेले. २०१३ च्या ‘मिस्ट्री रोड’ चित्रपटात त्यांनी जे स्वान हा आदिवासी गुप्तहेर उभा केला. दिग्दर्शक आयव्हन सेन हेही आदिवासी समाजातले. हा गुप्तहेर आपल्या गावी परत येतो, तेव्हा ठाण्यातले गोरे सहकारी त्याला पूर्ण आपला मानत नाहीत आणि वस्तीतली माणसे त्याला पोलिसांचा माणूस म्हणतात. दोन्ही काठांवरून त्याच्याकडे संशयाने पाहिले जाते. २०१२ मध्ये आलेली ‘रेडफर्न नाऊ’ ही मालिका तर लेखन, दिग्दर्शन आणि निर्मिती या सर्व बाजूंनी आदिवासींनीच केली. त्यात एका भागात कोठडीतल्या मृत्यूचा विषय आहे. गणवेश मिळणे ही पहिली पायरी. गोष्ट सांगण्याचा अधिकार मिळणे ही पुढची पायरी. ‘वॉटर रॅट्स’पासून ‘रेडफर्न नाऊ’पर्यंत तिथल्या लोकांनी ही चढण चढली.

त्या मेमेल बेटाचे काय झाले, असे वाचक विचारतील. मालिका संपली, कॅमेरे गेले. मे २०२२ मध्ये न्यू साऊथ वेल्स सरकारने जाहीर केले की बेटाची दुरुस्ती करून ते आदिवासींच्या हवाली केले जाईल. दुरुस्तीसाठी सुमारे ४ कोटी ३० लाख डॉलर देण्याचे ठरले. ‘हे आमच्या वडिलांचे बेट आहे’ असे बेनेलाँग म्हणाला होता, त्याला २३० वर्षे होऊन गेली. घोषणा आणि ताबा यांत किती अंतर असते, हे आम्हा कारकुनांना ठाऊक आहे. तरीही घोषणा झाली, हे खरे. पिढ्यान् पिढ्या ज्यांनी मेमेल हे नाव विसरू दिले नाही, त्यांचे ते यश आहे.

तेव्हा वाचकहो, पोलिसांची कोणतीही मालिका खुशाल पाहा. मुलांना पाहू द्या. धावाधाव आवडली तर टाळ्याही वाजवा. फक्त भाग संपल्यावर, टीव्ही बंद करण्यापूर्वी, पोराला जवळ घेऊन दोन-तीन प्रश्न विचारा. ज्याला पकडले तो कोण होता? त्याच्या घरी कुणी कळवले का? त्याच्या बाजूने कोण बोलले? ठाण्याच्या वहीत त्याचे नाव आणि वेळ लिहिली का? पोरगे पहिल्या दिवशी हसेल. दुसऱ्या दिवशी ‘दाखवलेच नाही’ म्हणेल. आणि एखाद्या दिवशी तेच तुम्हाला विचारील की हे का दाखवत नाहीत?

तो प्रश्न ज्या घरात विचारला गेला, त्या घरातले पोर उद्या पोलीस झाले तरी माणूस राहील, आणि वकील झाले तर रात्री दोन वाजता फोन उचलील.

तूर्त इतकेच. पुढील अंकी भेटूच.